भोपळ्याचे सार आणि फाशीचा दोर

आश्विन लागला की आमच्या घरात लाल भोपळा येतो. पाऊस आवरलेला असतो. दुपारचे ऊन कातडी भाजते आणि पहाटे अंगावर गोधडी ओढावी लागते. या उलटसुलट हवेने घरोघर माणसे अंथरूण धरतात. शरद ऋतू ही वैद्यांची आई, असे जुने लोक म्हणत ते उगाच नव्हे. अशा दिवसांत आमच्या चुलीवर एक मोठे पातेले चढते. भोपळ्याची साल काढायची, फोडी करायच्या, त्यांत लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, आल्याचा तुकडा व दोन हिरव्या मिरच्या टाकून मऊ शिजवायचे आणि रवीने घोटायचे. शिजल्या तुरीच्या डाळीचा कट काढून त्यात ओतायचा. दोन आमसुले, सुपारीएवढा गूळ, बेताचे मीठ. शेवटी शेंगदाण्याच्या तेलात जिरे, हिंग व कढीलिंब यांची फोडणी. बिया टाकून द्यायच्या नाहीत. धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून वरून घालायच्या. पंगतीला हे सार वाढले आणि त्यात बाजरीची भाकर कुस्करली की राजाचे जेवणही त्यापुढे फिके.

वाचक म्हणतील, संपादकांस आज झाले काय? पाकशास्त्र कधीपासून छापू लागले? जरा धीर धरावा. १० ऑक्टोबर हा दिवस २००३ सालापासून जगभर फाशीच्या शिक्षेविरुद्धचा दिवस म्हणून पाळला जातो आणि तो आमच्याकडे याच भोपळ्याच्या दिवसांत येतो. त्याच्या आधीच्या रविवारी आमच्या ओसरीवर पंचवीस-तीस मंडळी जमतात. कोणी पत्रके दुमडतो, कोणी पाकिटांवर पत्ते घालतो, कोणी राष्ट्रपतींच्या नावे अर्ज लिहितो. सकाळी आलेली माणसे दुपारी उपाशी कशी पाठवावी? म्हणून हे सार. चळवळीचा आमचा खर्च म्हटला तर एवढाच: एक भोपळा, शेरभर डाळ आणि टपालाची तिकिटे.

गेल्या आश्विनात गावातले एक विद्वान गृहस्थ ओसरीवरून जाताना थांबले. पातेल्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "वा! खुन्यांचा कैवार घेऊन भोपळा शिजवता! फाशी काय साराच्या वाटीने रद्द होणार आहे?" एवढे बोलून गृहस्थ चालते झाले. त्यांस त्या वेळी आम्ही उत्तर दिले नाही, कारण फोडणी करपत होती. ते उत्तर आज देत आहोत.

प्रथम कैवाराचे पाहू. खून करणाराबद्दल आम्हांस प्रेम नाही. त्यास शिक्षा व्हावी, कडक व्हावी, त्याच्यापासून समाजाचे रक्षण व्हावे, हे आम्ही मुक्तकंठाने म्हणतो. आमचा प्रश्न निराळा आहे. सरकारने थंड डोक्याने, तारीख ठरवून, वजन करून, दोराची लांबी मोजून माणूस मारावा काय? आणि मारावयाचाच ठरला तर या देशात मारला जातो तो कोण?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या वाचकांस नवे वाटू नये. मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून पाहा. ज्या अपराधास इतर वर्णांस देहान्त शासन, त्याच अपराधास ब्राह्मणाचे डोके भादरले की काम भागले! एकाचे केस जायचे आणि दुसऱ्याची मान. पुढे इंग्रजाने १८६० साली दंडसंहिता केली आणि कागदावर तरी सर्वांच्या माना एका मापाच्या ठरविल्या. स्वराज्याच्या घटनेने कायद्यापुढे सर्व सारखे असे लिहून ठेविले. ही मोठी गोष्ट झाली यात संशय नाही. परंतु कायदा सारखा झाला तरी वकील सारखा झाला नाही. पैसेवाल्याचा वकील पहिल्या दिवसापासून पोलिसांच्या प्रत्येक कागदावर बोट ठेवितो. मजुराचा सरकारी वकील कित्येकदा आपल्या अशिलास साक्षीच्या दिवशी पहिल्याने ओळखतो. ज्याने जबाबावर अंगठा उठविला त्यास त्या जबाबात काय लिहिले आहे हेच कळलेले नसते.

ही आमची कल्पना नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरच्या तुरुंगांत फिरून फाशीच्या ३७३ कैद्यांची माहिती गोळा केली आणि २०१६ साली ती प्रसिद्ध केली. त्यात शेकडा ७६ कैदी मागासलेल्या जातीजमातींचे व धार्मिक अल्पसंख्याकांपैकी निघाले. शेकडा ७४ हून अधिक कैद्यांची सांपत्तिक स्थिती हलाखीची. बारा स्त्रिया होत्या; त्या बाराही याच मागासलेल्या व अल्पसंख्य समाजांतल्या. यावर कोणी म्हणेल, देशात लोकसंख्याच बहुजनांची, तर तुरुंगातही तेच असणार. ठीक आहे. मग हेच प्रमाण उच्च न्यायालयांच्या आसनांवर दिसते काय? मोठ्या वकिलांच्या कचेऱ्यांत दिसते काय? जेथे न्याय दिला जातो तेथे बहुजन मूठभर आणि जेथे मान दिली जाते तेथे तेच पोतेभर, हे गणित आम्हांस तरी सुटत नाही. मनूचा श्लोक कायद्याच्या पुस्तकातून गेला, पण त्याची सावली अजून कोर्टाच्या पायरीवर बसून आहे.

आता घरचेच उदाहरण घ्या. २००३ च्या जून महिन्यात नाशिक जिल्ह्यात एका वस्तीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातील माणसांचे खून झाले. बायांवर अत्याचार झाले. ऐकणाऱ्याचे रक्त तापावे असाच तो प्रकार. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा जणांस पकडले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांस जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप काढून सहाही जणांस पुन्हा फाशी दिली. पुढे कळले की त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयी होता! अखेर ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल फिरविला आणि सहाही जणांस निर्दोष सोडले. शिक्षा कमी केली असे नव्हे, निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार बाईने आरंभी पोलिसांच्या छायाचित्रांतून ओळखली होती ती चार माणसे निराळीच होती आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हे न्यायालयानेच नमूद केले. सरकारने प्रत्येकास पाच लाख रुपये द्यावे असा हुकूम झाला.

पाच लाख म्हणजे मोठी रक्कम वाटते. हिशेब करा. सोळा वर्षांच्या तुरुंगवासावर ती पसरली तर दिवसाला नव्वद रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात तारुण्य गेले, घरे मोडली, आणि रोज पहाटे बुटांचा आवाज आला की आज आपला दिवस काय, या भीतीत रात्री गेल्या. तरी ही माणसे जिवंत होती म्हणून सुटली. २००९ नंतर दोर लवकर ओढला गेला असता, तर २०१९ चा निर्दोषपणाचा कागद कोणाच्या हातात द्यावयाचा होता? स्मशानात जाऊन वाचून दाखवावयाचा होता काय?

आमच्या घरी सारात मीठ जास्त पडले तर उपाय आहे. चार वाट्या पाणी वाढवावे, उकडलेला बटाटा टाकावा. सार ताळ्यावर येते. आमच्या कुटुंबाच्या हातून नव्हे, पण आमच्या हातून हे पुष्कळदा झाले आहे. चूक ही माणसाची जात आहे. स्वयंपाक्याकडून होते, पोलिसाकडून होते, साक्षीदाराकडून होते, न्यायाधीशाकडूनही होते. म्हणून ज्या शिक्षेत चूक दुरुस्त करावयास जागाच नाही, ती शिक्षा चुकणाऱ्या माणसाने हाती घेऊ नये, एवढे साधे आमचे म्हणणे आहे.

यावर उत्तर मिळते की, फाशी तर दुर्मिळातील दुर्मिळ खटल्यातच दिली जाते. होय, १९८० साली बचनसिंगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसा दंडक घातला. गुन्हा तर पाहावाच, पण गुन्हेगारही पाहावा, त्याची परिस्थिती पाहावी, तो सुधारण्याजोगा आहे काय हे पाहावे, असे सांगितले. परंतु हा दंडक पाळला गेला काय? १९९६ साली राजस्थानातील एका खटल्यात केवळ गुन्ह्याचे क्रौर्य पाहून फाशी कायम झाली आणि तो मनुष्य त्याच वर्षी फासावर गेला. त्या निकालाचा दाखला घेऊन पुढे आणखी माणसांस फाशी सुनावण्यात आली. २००९ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच कबूल केले की, तो १९९६ चा निकाल मूळ दंडकास सोडून दिलेला होता. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींस पत्रे लिहून ही चूक निदर्शनास आणिली. न्यायाधीशांनी चूक कबूल केली हे त्यांचे मोठेपण. पण फासावर गेलेला मनुष्य ती कबुली ऐकावयास आला नाही. आणि दुर्मिळ म्हणावे तर २०२२ या एका सालात देशातील सत्र न्यायालयांनी १६५ जणांस फाशी सुनावली. दुर्मिळ वस्तू अशी पायलीने मोजतात काय?

येथवर आमचे पांडित्य झाले. आता त्या रविवारची खरी गोष्ट सांगितली पाहिजे. नाही तर आम्ही वाचकांशी लबाडी केली असे होईल.

दुपारी पंगत बसली तेव्हा आमच्या शेजारची आक्का आली. तिचा धाकटा भाऊ शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात मारला गेला, त्यास बारा वर्षे झाली. तिने भांडी घासू लागली, भोपळा चिरू लागली, बिया निवडल्या. कोणीतरी नवख्या मुलाने सहीचा कागद तिच्यापुढे धरला. तिने तो बाजूस सारला आणि आम्हांस म्हणाली, "दादा, तुमचं सार ग्वाड हाय. पर ह्या कागदाला म्या अंगठा द्यायची न्हाई. माझ्या भावाला ज्यांनी मारलं, त्यांच्यासाठी तुम्ही रविवार मोडता. माझ्या भावजयीच्या दारात बारा वरसांत कुनी आलं का?"

पंगत गप्प झाली. आमच्या हातातली पळी तशीच राहिली. आमच्याजवळ कायद्याची पुस्तके होती, शेकडा प्रमाणे होती, जगातील देशांची यादी होती. त्यातले एकही त्या वेळी उपयोगी पडेना. कारण आक्काचे म्हणणे खरे होते. तिच्या भावजयीच्या दारात आम्हीही गेलो नव्हतो.

मग आम्ही तिला एकच विचारले, "आक्का, त्यांना फाशी झाली असती तर?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तवा वाटलं असतं बरं. पर पोरं शाळंतनं काढली ती काढलीच. भावजय दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन जाती ती जातीच." आणि पुन्हा बिया भाजू लागली. तिने सही केली नाही. आम्हीही पुन्हा मागितली नाही.

वाचकहो, त्या दिवसापासून आमच्या चळवळीचे आम्हांसच लाजविणारे व्यंग आम्हांस दिसले. ज्याचे माणूस मारले गेले त्याचा राग हा काही मूर्खपणा नव्हे. तो राग आमच्या घरी घडले असते तर आम्हांसही आला असता. दोर आम्हीच वळला असता. म्हणूनच शिक्षा ठरविण्याचे काम जखमी माणसाच्या हाती न देता कायद्याच्या हाती दिले आहे. पण कायद्याने काम घेतले ते अर्धेच. सरकार मारणाऱ्याकडे पाहते. मेलेल्याच्या चुलीकडे पाहत नाही. एकाला फासावर चढविले की दुसऱ्याचे देणे फिटले असा त्याचा समज आहे. गुन्ह्यात बळी पडलेल्यांस नुकसानभरपाई द्यावी असे कलम फौजदारी कायद्यात २००९ पासून आले. परंतु ते कलम आहे हे सांगावयास खेड्यात कोण जातो? अर्ज कोण लिहून देतो? विधवेस तालुक्याला किती खेपा घालाव्या लागतात? फाशीची आरोळी ठोकणाऱ्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी मृताच्या पोरांची फी भरली? आरोळीस पैसे पडत नाहीत, फीस पडतात. फाशी ही सरकारची सर्वांत स्वस्त दया आहे. ती दिल्याने पोलीस वाढवावे लागत नाहीत, तपास सुधारावा लागत नाही, विधवेस पोसावे लागत नाही.

नाशिकच्या त्या खटल्याकडे आता आक्काच्या डोळ्यांनी पाहा. सहा निर्दोषांस सोळा वर्षे कोंडले. म्हणजे खरे खुनी सोळा वर्षे मोकळे हिंडले. त्या मारल्या गेलेल्या कुटुंबास तरी न्याय कोठे मिळाला? फाशीच्या घाईने दोन्ही घरे बुडविली: ज्यांची माणसे नाहक कोंडली त्यांचीही आणि ज्यांची माणसे मारली त्यांचीही. आणि दोन्ही घरे गरिबांचीच.

दहशत बसते म्हणाल, तर दहशत बसते ती पकडले जाण्याच्या खात्रीने. जो क्रोधाने आंधळा झाला तो दंडसंहिता वाचून कुऱ्हाड उचलीत नाही, आणि जो थंडपणे बेत करतो तो आपण सापडणार नाही या हिशेबाने करतो. त्रावणकोर संस्थानाने १९४४ साली फाशी बंद केली होती. तेथे काही प्रजा एकमेकांचे गळे कापीत सुटली नाही. आज जगातील शंभराहून अधिक देशांनी ती सर्वस्वी काढून टाकिली आहे. आमच्या विधी आयोगाने १९६७ साली फाशी ठेवावी असे म्हटले. त्याच आयोगाने २०१५ साली दहशतवादाचे गुन्हे व देशाविरुद्धचे युद्ध सोडून बाकी सर्व गुन्ह्यांची फाशी काढावी असे सुचविले. तरी २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या नव्या न्यायसंहितेत ती कायम आहे. नाव बदलले, दोर तोच.

आता आमच्या विद्वान गृहस्थांस शेवटचे उत्तर. फाशीस विरोध हे काही परदेशी फॅड नव्हे. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीच्या अपिलांचा प्रश्न निघाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट सांगितले की, अपिलाची सोय करीत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे आपण पसंत करू. हा देश अहिंसेचे तत्त्व मानतो, तर त्याने ते आचरणातही आणावे. ज्या माणसाच्या समाजाने शतकानुशतके शिक्षाच शिक्षा भोगल्या, त्याने सूड मागितला नाही. दोर उतरवावयास सांगितले.

त्याहूनही मागे जा. शंभरावर वर्षांपूर्वी पुण्यात स्वयंपाक करून पोट भरणारी एक ब्राह्मण विधवा फसविली गेली, तिने लाजेपोटी आपले अर्भक मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गावाने तिच्या नावाने बोटे मोडली आणि गाव जेवावयास बसला. जोतिराव आणि सावित्रीबाई यांनी काय केले? १८६३ साली आपल्या घरीच बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले. विधवेने यावे, बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे. शिक्षा आणखी कडक करा असा अर्ज त्यांनी सरकारास केला नाही. गुन्हा जेथे उगवतो तेथे हात घातला. त्यासाठी कायदेमंडळाची सभा लागली नाही. घराचे दार, अंथरूण आणि चूल लागली. तेथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलास त्यांनी पोटचा म्हणून वाढविले. तेव्हा घरच्या चुलीवर मोठी कामे होत नाहीत असे ज्यांस वाटते, त्यांनी हा इतिहास पुन्हा वाचावा.

म्हणून यंदा आम्ही तीन गोष्टी ठरविल्या आहेत आणि वाचकांसही त्याच सांगतो. पहिली, तालुक्याच्या कोर्टात ज्या गरिबावर जन्मठेपेचा वा फाशीचा खटला उभा असेल, त्याच्या बाजूने वकील नीट उभा राहतो की नाही, हे पाहावयास दोन माणसांनी प्रत्येक तारखेस जाऊन बसावे. नुसते बसल्यानेही पुष्कळ फरक पडतो. दुसरी, ज्याच्या घरी खून झाला त्या घरी त्याच आठवड्यात जावे, भरपाईचा अर्ज लिहून द्यावा आणि पैसे हाती पडेपर्यंत खेपा आपण घालाव्या. तिसरी, हे दोन्ही केल्याशिवाय सहीचा कागद कोणापुढे धरू नये.

यंदाच्या आश्विनात पहिल्या रविवारी आम्ही ओसरीवर बसणार नाही. पातेले उचलून आक्काच्या भावजयीच्या दारात नेणार आहोत. चूल तिची, भोपळा आमचा. पत्रकेही तेथेच दुमडू. तिला नको असतील तर दुमडणार नाही. तिच्या थोरल्या मुलाचा शाळेचा अर्ज मात्र तेथे बसून लिहू. आक्का सही करील की नाही हे आम्हांस ठाऊक नाही. तिने न केली तरी आमचे मत बदलणार नाही, आणि तिने न केली म्हणून तिच्या वाटीत सारही कमी पडणार नाही.

भिक्षुक आशीर्वाद देताना शंभर शरद पाहा असे म्हणतो. आशीर्वाद चांगला आहे. दक्षिणेवाचून सर्वांस मिळाला तर आणखी चांगला. ज्याचे शरद खुन्याने हिरावले त्याच्या पोरांचे शरद आम्ही राखू, आणि ज्याचे शरद सरकार हिरावू पाहते त्याच्यासाठी अर्ज करू. ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, हे त्या विद्वान गृहस्थांस पटत नसेल तर त्यांनीही रविवारी यावे. वाटी घरून आणावी. सार पुरेसे आहे.